विनाविमा वाहन, उभ्या मोटारीचे नुकसान आणि राज्याच्या हातातील अधिकार: परिवहन मंत्र्यांस खुले पत्र

प्रति,
मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: विमा नसलेल्या वाहनाने उभ्या मोटारीचे केलेले नुकसान आणि त्याच्या भरपाईची वसुली

महोदय,

रस्त्याच्या कडेला, गृहनिर्माण संस्थेच्या आवारात किंवा बाजारपेठेतील वाहनतळावर रीतसर उभ्या असलेल्या मोटारीला दुसऱ्या वाहनाने धडक दिली आणि त्या वाहनाचा विमाच नसला, तर नुकसान कोणी भरून द्यायचे, याविषयी भारतीय कायद्यात संदिग्धता नाही. ते चालकाने आणि वाहनाच्या मालकाने भरून द्यायचे असते. संदिग्धता आहे ती पुढच्या टप्प्यावर, म्हणजे ही जबाबदारी कोणी नोंदवायची, कोणासमोर सिद्ध करायची आणि ठरलेली रक्कम कोणत्या मार्गाने हाती पडायची या बाबतीत. विनाविमा वाहन चालवल्याचा दंड शासनाच्या तिजोरीत जमा होतो, परंतु ज्याच्या मोटारीचा दरवाजा चेपला त्याच्यापर्यंत त्या दंडातील एक रुपयाही पोहोचत नाही, आणि बहुतेक प्रकरणे चौकातील हुज्जतीत किंवा पोलीस ठाण्याच्या बाकावर संपून जातात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा केंद्राचा कायदा असला, तरी दावा न्यायाधिकरणे स्थापन करणे, त्यांच्या कामकाजाचे नियम करणे, तडजोड शुल्क ठरवणे आणि दंडाचे गुणक जाहीर करणे हे अधिकार त्याच कायद्याने राज्य शासनाला दिलेले आहेत. म्हणून हे पत्र दिल्लीला न पाठवता मंत्रालयाला उद्देशून लिहिलेले आहे.

प्रथम जबाबदारीचे मूळ पाहणे आवश्यक आहे. विमा असो वा नसो, दुसऱ्याच्या मालमत्तेचे निष्काळजीपणाने नुकसान करणाऱ्याने ते भरून द्यावे, हे तत्त्व अपकृत्यविधीचे, म्हणजे करार नसतानाही एका व्यक्तीच्या चुकीमुळे दुसऱ्याला झालेल्या हानीची भरपाई ठरवणाऱ्या कायद्याचे आहे. विमा ही त्या जबाबदारीचा भार उचलण्यासाठी नंतर उभारलेली आर्थिक व्यवस्था आहे. त्यामुळे विमा नसल्याने जबाबदारी नाहीशी होत नाही, ती विमा कंपनीऐवजी थेट चालकाच्या आणि मालकाच्या खिशावर येऊन पडते. निष्काळजीपणा सिद्ध करण्याचा भार सामान्यतः दावा करणाऱ्यावर असतो. मात्र उभ्या वाहनाच्या बाबतीत तो पुष्कळ हलका होतो, कारण रीतसर उभी असलेली, हालचाल न करणारी मोटार दुसऱ्याच्या वाटेत आपण होऊन येऊ शकत नाही, आणि अशा प्रसंगी घटनाच निष्काळजीपणाची साक्ष देते हे तत्त्व न्यायालये लागू करतात. त्यानंतर ब्रेक निकामी झाला होता किंवा जनावर आडवे आले होते, हे दाखवण्याची जबाबदारी धडक देणाऱ्यावर येते. आणि ब्रेक निकामी होणे हेसुद्धा देखभालीतील हयगयीचे फळ नव्हते, हे त्याला पटवून द्यावे लागते.

उभी मोटार नेहमीच निर्दोष असते असे मात्र कायदा मानत नाही. वळणावर, रहदारीला अडथळा होईल अशा ठिकाणी किंवा इतरांना धोका पोहोचेल अशा स्थितीत वाहन सोडून जाण्यास कलम १२२ मनाई करते, आणि चालकाच्या जागी परवानाधारक व्यक्ती नसताना वाहन उभे ठेवायचे असेल तर इंजिन बंद करून ब्रेक लावलेला असला पाहिजे, असे कलम १२६ सांगते. या नियमांचा भंग अपघाताला कारणीभूत ठरला असेल, तर अंशदायी निष्काळजीपणाचे तत्त्व लागू होते, म्हणजे नुकसानग्रस्ताचा स्वतःचा दोष किती होता हे ठरवून भरपाईतून तेवढा हिस्सा वजा केला जातो. रात्री महामार्गावर दिवे न लावता उभा केलेला मालट्रक आणि भर दुपारी पट्ट्यांच्या आत उभी केलेली मोटार यांची या कसोटीवर बरोबरी होऊ शकत नाही. तसेच चुकीच्या जागी वाहन उभे करणे हा स्वतंत्र दंडाचा विषय आहे. तेवढ्यावरून धडक देणारा आपोआप मोकळा होत नाही, कारण दोष आणि नुकसान यांच्यात कार्यकारणसंबंध असावाच लागतो.

जबाबदारी चालकापाशी थांबत नाही. मालकाच्या संमतीने वा त्याच्या कामासाठी वाहन चालवणाऱ्याच्या चुकीबद्दल मालकही उत्तरदायी असतो, आणि या उत्तरदायित्वाला प्रातिनिधिक जबाबदारी म्हणतात. चालक व मालक यांच्यावरील ही जबाबदारी संयुक्त आणि पृथक असल्यामुळे नुकसानग्रस्त संपूर्ण रक्कम दोघांपैकी कोणाकडूनही मागू शकतो. मालक कोण, हे नोंदणी पुस्तकातील नावावरून ठरते. जुन्या वाहनांच्या व्यवहारात या मुद्द्याला फार महत्त्व आहे, कारण पैसे घेऊन गाडी दिली, सह्या केलेले कोरे फॉर्म एजंटाच्या हाती ठेवले आणि हस्तांतराची नोंद मात्र झालीच नाही, असे प्रकार सर्रास घडतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात असे ठरवले की वाहन प्रत्यक्षात कितीही हातांतून गेले असले तरी नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच अधिनियमाच्या दृष्टीने मालक होय आणि भरपाईची जबाबदारी त्याच्यावर राहते. त्या प्रकरणातील वाहनाचाही विमा नव्हता, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्यासारखी आहे. वाहन अल्पवयीन मुलाच्या हाती असेल, तर २०१९ च्या सुधारणेने आलेले कलम १९९अ पालकाला किंवा मालकाला स्वतंत्रपणे शिक्षेस पात्र ठरवते.

आता विम्याच्या सक्तीकडे वळावे लागते. १९३९ च्या जुन्या मोटार वाहन अधिनियमातील सक्तीच्या विम्याचे प्रकरण १ जुलै १९४६ पासून अमलात आले, आणि आज तेच बंधन १९८८ च्या अधिनियमाच्या कलम १४६ मध्ये आहे; सार्वजनिक ठिकाणी वाहन वापरणाऱ्याने किंवा दुसऱ्याला वापरू देणाऱ्याने त्रयस्थाच्या जोखमीचा विमा घेतलेला असलाच पाहिजे. व्यवहारात ज्याला थर्ड पार्टी विमा म्हणतात तो हाच. पहिला पक्ष विमा घेणारा, दुसरा विमा कंपनी आणि तिसरा या दोघांशी कोणताही करार नसलेला, पण त्या वाहनामुळे ज्याचे शरीर वा मालमत्ता यांची हानी झाली तो. त्रयस्थाच्या मालमत्तेचा या विम्यात समावेश होतो, हे पुष्कळ वाहनधारकांना ठाऊकही नसते, कारण सार्वजनिक चर्चा मृत्यू आणि जखमा यांभोवतीच फिरते. २०१९ च्या सुधारणेपूर्वीच्या कलम १४७ मध्ये मालमत्तेच्या नुकसानीसाठी सक्तीच्या विम्याची मर्यादा अवघी ६,००० रुपये होती. मोटारींच्या पॉलिसीत प्रत्यक्षात साडेसात लाख रुपयांपर्यंत आणि दुचाकींच्या पॉलिसीत एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण देण्याची पद्धत रूढ झाली, परंतु हप्त्यात थोडी सवलत घेऊन ते पुन्हा ६,००० रुपयांवर आणण्याची सोयही दिली गेली. मर्यादेपलीकडची रक्कम विमाधारकाला स्वतःच भरावी लागते, त्यामुळे अशी सवलत घेणारा वाहनधारक महागड्या मोटारीला धडकल्यास जवळपास विनाविमा वाहनधारकाच्याच स्थितीत येतो.

सार्वजनिक ठिकाण म्हणजे काय, हा प्रश्न शहरांत वारंवार निघतो, कारण उभ्या मोटारींना लागणाऱ्या धडकांपैकी अनेक धडका इमारतींच्या आवारात, मॉलच्या तळघरात किंवा कारखान्याच्या फाटकाआत होतात. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने या संज्ञेचा व्यापक अर्थ स्वीकारला आणि खासगी मालकीच्या जागेतही लोकांना, परवानगीने का होईना, प्रवेश असेल तर विम्याच्या सक्तीपुरती ती जागा सार्वजनिक ठरते, असे सांगितले. म्हणून संस्थेच्या आवारात गाडी काढताना विम्याची गरज नाही, ही समजूत धोक्याची आहे. आणि एखादी जागा पूर्णपणे खासगी ठरली तरीही निष्काळजीपणाबद्दलची मूळ जबाबदारी कायम राहते, कारण ती विम्याच्या कलमातून उत्पन्न झालेली नाही.

नुकसानग्रस्ताची आर्थिक अवस्था नेमकी कशी होते, हे समजल्याशिवाय शासनाला या प्रश्नाचे वजन कळणार नाही. उभ्या मोटारीच्या मालकाकडे फक्त थर्ड पार्टी विमा असेल, तर त्याच्या स्वतःच्या वाहनाचे नुकसान त्यात येतच नाही, आणि धडक देणाऱ्याकडेही विमा नसल्यास दोन्ही बाजूंनी संरक्षणाचा अभाव होऊन दुरुस्तीचा सगळा खर्च निरपराध माणसाच्या माथी बसतो. त्याच्याकडे सर्वसमावेशक विमा, म्हणजे स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीसह घेतलेला विमा असेल, तर त्याला आपल्याच कंपनीकडे दावा करता येतो. परंतु तिथेही १५०० सीसीपर्यंतच्या मोटारीला १,००० रुपये आणि त्यावरील मोटारीला २,००० रुपये ही सक्तीची वजावट असते, आणि घसारा न कापण्याचे जादा संरक्षण, म्हणजे बाजारात ज्याला झिरो डेप म्हणतात ते घेतलेले नसल्यास प्लास्टिक व रबराच्या भागांच्या किमतीतून निम्मी रक्कम घसारा म्हणून वजा होते. उभ्या गाडीला बसणाऱ्या धक्क्यात सर्वांत आधी फुटतो तो बंपर प्लास्टिकचाच असतो. याशिवाय दावा केल्यावर नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केलेल्या वर्षांबद्दल स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात मिळणारी सवलत नाहीशी होते. ही सवलत पहिल्या वर्षानंतर २० टक्क्यांपासून सुरू होऊन पाच वर्षांनंतर ५० टक्क्यांपर्यंत चढते, त्यामुळे दहा-पंधरा हजारांच्या दुरुस्तीसाठी दावा करणे पुष्कळदा आतबट्ट्याचे ठरते.

स्वतःच्या कंपनीने भरपाई दिल्यावर धडक देणाऱ्याकडून ती वसूल करण्याचा विमाधारकाचा हक्क त्या रकमेपुरता कंपनीकडे जातो, याला प्रत्यासन म्हणतात. एकाच नुकसानीची भरपाई दोनदा घेता येत नाही. मात्र वजावट, घसारा, गाडी ओढून नेण्याचा खर्च आणि दुरुस्तीच्या काळात पर्यायी वाहनावर झालेला वाजवी खर्च, अशा न मिळालेल्या रकमा धडक देणाऱ्याकडून मागणे हे तत्त्वाशी सुसंगतच आहे. दुरुस्तीचे अंदाजपत्रक, जीएसटीसह पक्के बिल, छायाचित्रे आणि सर्वेक्षकाचा, म्हणजे नुकसानीचे मोजमाप करणाऱ्या परवानाधारक तज्ज्ञाचा अहवाल हे या मागणीचे पुरावे होत.

हे पुरावे घेऊन नागरिक पोलीस ठाण्यात जातो तेव्हा त्याला सहसा असे सांगितले जाते की कोणी जखमी झालेले नाही, सबब आपसात मिटवून टाकावे. या उत्तरामागे काही कायदेशीर वस्तुस्थिती आहे, ती नाकारून चालणार नाही. भारतीय न्याय संहितेतील कलम ३२४ खालील आगळीक, म्हणजे मालमत्तेची खोडसाळ नासधूस, या अपराधाला हेतू किंवा जाणीव लागते आणि निव्वळ निष्काळजीपणा त्यात बसत नाही. कलम २८१ खालील बेदरकार वाहन चालवण्याचा अपराध मानवी जीवित धोक्यात येण्याशी किंवा इजा होण्याच्या संभवाशी जोडलेला आहे. तथापि मोटार वाहन अधिनियमाचे कलम १३४ याहून स्पष्ट आहे. त्रयस्थाच्या मालमत्तेचे नुकसान झाले असले तरी चालकाने पोलीस अधिकाऱ्याने मागितलेली माहिती द्यावी, आणि अधिकारी तिथे हजर नसल्यास जवळच्या ठाण्यात शक्य तितक्या लवकर, कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत घटना कळवावी, असे ते सांगते. त्याचा भंग करणाऱ्यास कलम १८७ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मोटारीला धडक देऊन चिठ्ठीही न ठेवता निघून जाणे हा त्यामुळे शिष्टाचाराचा भंग नसून शिक्षापात्र अपराध आहे. उलट बाजूने, धडक देणाऱ्याच्या गाडीची किल्ली काढून घेणे, मोबाइल अडकवून ठेवणे किंवा जमाव जमवून जागेवरच पैसे वसूल करणे यालाही कायद्यात आधार नाही, आणि अधिकृत मार्ग बंद असल्याचे लोकांना वाटते तिथेच अशी दांडगाई वाढते.

त्याहून उपेक्षित तरतूद कलम १६० ची आहे. अपघातामुळे भरपाई मिळण्यास आपण पात्र आहोत असे म्हणणाऱ्या व्यक्तीने मागणी केल्यास, नोंदणी प्राधिकाऱ्याने किंवा पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याने विहित शुल्क घेऊन आपल्याकडील वाहनाची ओळख, ते वापरणाऱ्याचे नाव व पत्ता आणि नुकसान झालेल्या मालमत्तेची माहिती दिलीच पाहिजे, असे हे कलम बजावते. एम-परिवहन ॲपवर वाहन क्रमांक टाकला तर विम्याची मुदत दिसते, पण मालकाचे नाव गोपनीयतेसाठी अर्धवट झाकलेले असते आणि पत्ता मिळत नाही, हे योग्यच आहे. म्हणूनच ज्याला दावा लावायचा आहे त्याच्यासाठी कलम १६० हा अधिकृत दरवाजा उघडा असणे अगत्याचे ठरते. शासन स्वतःच्या ई-चलनाची नोटीस वाहनाच्या क्रमांकावरून मालकाच्या मोबाइलवर पाठवते, तेव्हा तीच नोंद त्याच क्रमांकाच्या वाहनाने नुकसान केलेल्या नागरिकाला कायद्याने नेमून दिलेल्या पद्धतीने उपलब्ध करणे तांत्रिकदृष्ट्या अवघड असण्याचे कारण नाही.

दाद मागण्याचे ठिकाण मोटार अपघात दावा न्यायाधिकरण हे आहे. कलम १६५ नुसार मृत्यू व शारीरिक इजा यांबरोबरच त्रयस्थाच्या मालमत्तेच्या नुकसानीचे दावेही या न्यायाधिकरणाच्या कक्षेत येतात, कलम १६६ मालमत्तेच्या मालकाला अर्ज करण्याचा हक्क देते आणि कलम १७५ अशा दाव्यांपुरती दिवाणी न्यायालयांची दारे बंद करते. अपघात जिथे घडला, अर्जदार जिथे राहतो वा व्यवसाय करतो, किंवा प्रतिवादी जिथे राहतो, यांपैकी कोणत्याही ठिकाणच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. १ एप्रिल २०२२ पासून अर्जासाठी अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांची मुदत पुन्हा लागू झाली असून तिच्या वैधतेचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेलेला आहे. त्याचा निर्णय होईपर्यंत सावध नागरिकाने सहा महिन्यांचीच मर्यादा धरून चालणे शहाणपणाचे. न्यायाधिकरणाला संक्षिप्त कार्यपद्धती अनुसरण्याचा अधिकार कलम १६९ देते, निवाड्याची रक्कम कलम १६८ प्रमाणे ३० दिवसांत जमा करावी लागते आणि ती न भरल्यास कलम १७४ नुसार जिल्हाधिकाऱ्यांना दाखला पाठवून ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते. वादातील रक्कम एक लाख रुपयांपेक्षा कमी असेल तर उच्च न्यायालयात अपील चालत नाही, म्हणजेच उभ्या मोटारीच्या बहुतांश दाव्यांत न्यायाधिकरणाचा पहिला निर्णय हाच शेवटचा ठरू शकतो. कागदावर ही रचना लहान दाव्यांना अनुकूल आहे. परंतु प्रत्यक्षात पंधरा-वीस हजारांच्या दाव्यासाठी वकील, साक्षीदार आणि तारखा यांचा खर्च मूळ रकमेला गिळून टाकतो, आणि मृत्यू व अपंगत्व यांच्या दाव्यांच्या रांगेत असा अर्ज मागे पडणे स्वाभाविक आहे.

शारीरिक हानीच्या बाबतीत कायद्याने याहून पुढचे पाऊल टाकलेले आहे. कलम १६४ नुसार चालकाचा दोष सिद्ध न करताही मृत्यूबद्दल पाच लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये मागता येतात. धडक देऊन पळून गेलेल्या वाहनाच्या बाबतीत कलम १६१ खाली अनुक्रमे दोन लाख आणि पन्नास हजार रुपये मिळतात. आणि कलम १६४ब ने मोटार वाहन अपघात निधी निर्माण केला आहे. यांपैकी कशातही मालमत्तेच्या नुकसानीचा समावेश नाही. माणसाचा जीव आणि मोटारीचा पत्रा यांत कायद्याने भेद करावा, हे न्याय्यच आहे, आणि हा क्रम बदलावा अशी मागणी येथे नाही. तरीही इतर देशांनी काय केले याची नोंद घ्यावी लागते. ब्रिटनमध्ये विमा कंपन्यांच्या वर्गणीवर चालणारी मोटर इन्शुरर्स ब्यूरो ही संस्था १९४६ सालीच, म्हणजे भारतात सक्तीचा विमा अमलात आला त्याच वर्षी स्थापन झाली, आणि ओळख पटलेल्या पण विमा नसलेल्या चालकाने केलेल्या मालमत्तेच्या नुकसानीचीही ती ठरावीक अटींवर भरपाई करते व मग ती रक्कम त्या चालकाकडून वसूल करते. विनाविमा वाहनाची जोखीम एकट्या दुर्दैवी नागरिकावर न टाकता विमा घेणाऱ्या सर्वांत थोडी थोडी वाटावी, हा त्यामागचा विचार आहे.

महाराष्ट्रात ही जोखीम वाढवण्याचे काम दंडाचा सध्याचा आकडाच करतो. कलम १९६ नुसार विनाविमा वाहन चालवल्यास पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपये दंड अथवा दोन्ही, आणि पुन्हा तोच अपराध केल्यास दंड ४,००० रुपये आहे. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार एक वर्षाच्या थर्ड पार्टी विम्याचा हप्ता १००० सीसीपर्यंतच्या मोटारीसाठी २,०९४ रुपये, १५०० सीसीपर्यंत ३,४१६ रुपये आणि त्यावरील मोटारीसाठी ७,८९७ रुपये असून कर वेगळा द्यावा लागतो. म्हणजे पहिल्यांदा पकडला जाणारा मोटारमालक विमा घेणाऱ्यापेक्षा स्वस्तात सुटतो, आणि मोटार जितकी मोठी तितका त्याचा लाभ अधिक. देशातील निम्म्याच्या आसपास वाहने विनाविमा धावत असल्याचे अंदाज वारंवार पुढे आले आहेत, त्यामागे अशी आकडेमोड नसेलच असे म्हणता येत नाही. नव्या मोटारींना तीन आणि नव्या दुचाकींना पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घेणे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १ सप्टेंबर २०१८ पासून बंधनकारक झाले. मात्र तो दीर्घ विमा संपतो त्या चौथ्या व सहाव्या वर्षी आठवण करून देणारी यंत्रणा सैल असेल, तर वाहन जुने होता होता संरक्षणाबाहेर जाते.

या ठिकाणी राज्याचे अधिकार नेमके कामास येतात. कलम २१०अ नुसार, केंद्राने घातलेल्या अटींच्या अधीन राहून, राज्य शासन अधिनियमातील दंडांना एक ते दहा या मर्यादेतील गुणक लावू शकते आणि वाहनांच्या वर्गांनुसार तो वेगवेगळा ठेवू शकते. त्यामुळे रोजीरोटीसाठी जुनी दुचाकी वापरणाऱ्याला आणि मोठ्या मोटारीच्या मालकाला एकाच मापाने मोजण्याची सक्ती शासनावर नाही. २०२२ च्या दरांनुसार ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीचा वार्षिक हप्ता ७१४ रुपये असल्याने तिथे सध्याचा दंड पुरेशी जरब बसवणारा आहे, मोटारींच्या बाबतीत मात्र तो हप्त्याहून निश्चितपणे अधिक असला पाहिजे. दंड वाढवल्याने भ्रष्टाचार वाढेल, हा आक्षेप गंभीर आहे. त्याचे उत्तर कलम १३६अ मध्ये सांगितलेल्या इलेक्ट्रॉनिक देखरेखीत आहे, कारण कॅमेऱ्याने टिपलेला क्रमांक विम्याच्या नोंदीशी पडताळण्यासाठी रस्त्यावर गाडी अडवावी लागत नाही.

दुसरा अधिकार वाहन ताब्यात ठेवण्याविषयी आहे. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये सर्व राज्यांना दिल्लीच्या धर्तीवर नियम करण्यास सांगितले. त्या नियमाप्रमाणे मृत्यू, शारीरिक इजा किंवा मालमत्तेचे नुकसान घडवणारे वाहन विनाविमा असेल, तर संभाव्य भरपाईसाठी मालकाने पुरेसे तारण दिल्याशिवाय न्यायालयाने ते सोडू नये, आणि तीन महिन्यांनंतर दंडाधिकाऱ्यांनी त्याचा जाहीर लिलाव करून रक्कम न्यायाधिकरणाकडे जमा करावी. या वाक्यातील मालमत्तेचे नुकसान हे शब्द तपासाच्या वेळी कोणी वाचतच नाही, आणि म्हणून वसुलीचे सर्वांत परिणामकारक साधन उभ्या मोटारीच्या प्रकरणांत वापरले जात नाही. किरकोळ ओरखड्यासाठी कोणाचे वाहन लिलावात जावे, असे कोणीही म्हणणार नाही. तथापि अंदाजपत्रकाएवढी रक्कम किंवा जामीन घेऊनच वाहन सोडणे, ही प्रमाणबद्ध अंमलबजावणी त्याच नियमाच्या भावनेत बसते.

या विवेचनावरून परिवहन विभागाने, जिथे आवश्यक तिथे गृह व विधी विभागांना बरोबर घेऊन, पाच गोष्टी कराव्यात अशी विनंती आहे. पहिली, मालमत्तेचे नुकसान झालेल्या प्रत्येक अपघाताची नोंद घेण्यासाठी पोलीस ठाण्यांना एकपानी नमुना द्यावा, ज्यात दोन्ही वाहनांचे क्रमांक, चालकाचा परवाना, विम्याची स्थिती, वाहन उभे असलेल्या जागेचे वर्णन आणि छायाचित्रे असतील, आणि त्याची प्रत नुकसानग्रस्ताला तत्काळ मिळेल. दुसरी, कलम १६० खालील माहितीचा अर्ज प्रादेशिक परिवहन कार्यालयांत ऑनलाइन स्वीकारावा आणि उत्तराला मुदत ठरवून द्यावी, कारण सहा महिन्यांच्या मर्यादेत पत्ता शोधण्यातच चार महिने गेले तर हक्क निरर्थक होतो. तिसरी, विनाविमा वाहन सोडण्यापूर्वी तारण घेण्याचा नियम मालमत्तेच्या नुकसानीलाही लागू आहे, हे परिपत्रकाने स्पष्ट करावे. चौथी, कलम १७६ ने राज्याला दिलेल्या नियम करण्याच्या अधिकारात एक लाख रुपयांपर्यंतच्या मालमत्ता दाव्यांसाठी स्वतंत्र संक्षिप्त पद्धत आखावी, जिच्यात वकिलाशिवाय भरता येईल असा अर्ज, पक्क्या बिलावर व सर्वेक्षकाच्या अहवालावर आधारलेला पुरावा आणि शक्यतो पहिल्या तारखेलाच लोकअदालतीत तडजोडीचा प्रयत्न यांची तरतूद असेल. पाचवी, मोटारींसाठी कलम २१०अ खालील गुणक असा ठरवावा की विमा न घेणे कोणत्याही वर्गातील मोटारीला विमा घेण्याहून स्वस्त पडणार नाही, आणि अपघात निधीत मर्यादित रकमेपर्यंत मालमत्तेच्या नुकसानीचा समावेश व्हावा यासाठी केंद्राकडे औपचारिक प्रस्ताव पाठवावा.

यांपैकी पहिल्या चार मागण्यांसाठी संसदेकडे जाण्याची गरज नाही आणि तिजोरीवर मोठा भारही पडत नाही. पाचवीचा पूर्वार्ध राज्याच्या अधिसूचनेने साध्य होतो आणि उत्तरार्धासाठी तेवढा केंद्राशी पत्रव्यवहार करावा लागतो. विम्याची सक्ती कायद्याने केली याचा अर्थच असा की वाहनाची जोखीम त्रयस्थावर पडू नये, हे राज्यसंस्थेने मान्य केलेले आहे. सक्ती मोडणाऱ्याकडून दंड घेऊन शासनाने आपले काम संपले असे मानणे या मान्यतेशी विसंगत आहे, कारण सक्ती मोडल्याची झळ शासनाला लागत नाही, ती त्या त्रयस्थालाच लागते. परिवहन विभागाने या पाच मुद्द्यांवर आपली भूमिका आणि अंमलबजावणीचे वेळापत्रक जाहीर करावे, आणि त्यातील चौथ्या मुद्द्यासाठी नियमांचा मसुदा हरकती व सूचनांसाठी प्रसिद्ध करून आरंभ करावा, अशी अपेक्षा आहे.

आपला,
महाराष्ट्रातील एक वाहनधारक